विश्वासू पत्त्यांची यादी

राणीसावरगाव, ता. गंगाखेड
३ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मशीला,
जय भीम.

तू फोन करते म्हणलीस, पण करू नको. माझा डावा कान पुरता गेलाय आणि उजवा त्याच्या मागं निघालाय. निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी माझ्या मनानं भरतो. लिहिलेलं असलं की दहादा वाचून करता येतं, म्हणून मामाला ईमेलच पाठव.

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा भरली. मी वर्गावर जायच्या आधीच ऋतिका शिक्षकखोलीच्या दारात उभी. मुंजाजी आणि कडूबाईची ही थोरली पोरगी. मायबाप दरवर्षी ऊसतोडीला जातात, ही मावशीकडं राहून शिकली आणि बारावीला शास्त्र शाखेत पहिली आली. हैदराबादच्या एका संस्थेत नर्सिंगचा चार वर्षांचा कोर्स हाय. राहणं, खाणं, शिकणं सगळं फुकट. जूनमध्ये मीच तिचा फॉर्म भरला, ऑगस्टमध्ये नांदेडला परीक्षा देऊन आली. निवड झाली तर ईमेल येणार आणि मुदतीत जवाब न्हाई दिला तर जागा पुढच्याला.

फॉर्मवर ईमेल माझा हाय. तिच्या एकटीच्याच न्हाई, आमच्या शाळा-कॉलेजच्या सगळ्या पोरांच्या फॉर्मवर पंधरा वर्षं माझाच ईमेल आणि माझाच मोबाइल नंबर. पोरांचे नंबर बदलतात, रिचार्ज संपतो, तोडीला गेले की फोन लागत न्हाई. आपले सर हायेत ना, मग कशाला फिकीर, असं सगळ्यांचं.

आता अडचण ऐक. दिवाळीच्या आधी मी गंगाखेडला सेवा केंद्रावाल्या परमेश्वरकडून माझ्या ईमेलचा बंदोबस्त करून घेतला. फसवणुकीची पत्रं लय यायली होती. त्यानं काय केलं मला कळलं न्हाई, पण तवापासून पोरांच्या फॉर्मचं एकबी पत्र पेटीत आलं न्हाई. निकाल ऑक्टोबरमध्येच लागणार होता. पोरगी रोज विचारती, 'सर, आलं का?' मी म्हणतो, 'येईल गं.' नऊ तारखेला मुकादमाचा ट्रक निघायलाय. तवर काही आलं न्हाई तर ती बी मायबापासंग तोडीला जाणार हाय.

ईमेलला कसं सांगायचं की हा पत्ता आपला हाय, ह्याला आत सोड? तू पुण्याच्या कंपनीत लोकांच्या ईमेलचीच कामं करतीस. सविस्तर लिही.

तुझा मामा,
सिद्धोधन

*

पुणे
४ नोव्हेंबर २०२५

मामा, जय भीम.

घाबरू नका. तुमची पत्रं कुठं गेली न्हाईत, बहुतेक स्पॅममध्ये पडून असतील. तिथं महिनाभर राहतात, मग आपोआप पुसली जातात. म्हणून आजच बसा.

हे मोबाइलवर जमत न्हाई, शाळेच्या कॉम्प्युटरवर बसा. डाव्या हाताच्या यादीत खाली 'स्पॅम' असं दिसंल. ते उघडा आणि संस्थेचं पत्र हाय का बघा. असलं तर उघडून वर 'स्पॅम नाही' दाबा, ते पेटीत येऊन बसंल. मग कायमची सोय करा. फॉर्म भरल्याची पावती काढा, तिच्यावर संस्थेचा ईमेल पत्ता असतो. वर कोपऱ्यात चाकासारखं चिन्ह हाय, त्यातून सेटिंगमध्ये जाऊन नवीन फिल्टर बनवा, 'कोणाकडून' याच्या पुढं तो पत्ता घाला आणि 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नका' यावर टिक करा. झालं. पण जीमेलचे सगळेच पत्ते चालतील असं काही लिहू नका, न्हाईतर चोरांची जत्रा आत येईल.

आणि एक लक्षात ठेवा. पाठवणाऱ्याचं नाव बघू नका, पत्ता बघा. नाव कोणीबी कोणाचंबी लावतं. जुलैमध्ये तुमी नावच बघितलं होतं ना! 'राष्ट्रीय गुणवंत शिक्षक' म्हणून पत्र काय आलं, गावानं शाल काय दिली, चौकात तुमचा फोटो काय लागला, आणि शेवटी ते पत्रच खोटं निघालं! आई अजून सांगून हसती. ती शाल तरी थंडीत वापरा.

परमेश्वरनं नेमकं काय केलंय तेबी कळवा.

तुमची,
धम्मशीला

*

राणीसावरगाव
६ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मशीला,
जय भीम.

काल सुट्टी होती तरी शाळा उघडून बसलो. स्पॅममध्ये दोनशे चौदा पत्रं निघाली. कोणाला माझ्या केसांची काळजी, कोणाला माझ्या गुडघ्याची. संस्थेचं एकबी न्हाई. चार-चारदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

आज फिल्टरबी केला. पावतीवरचा पत्ता घातला, टिक केली. मग वाटलं, एकालाच कशाला, सगळ्याच विश्वासू माणसांना आत घ्यावं. तिथं माझं डोकं फिरलं बघ. मुख्याध्यापकांना घातलं. त्यांना घातलं तर उपमुख्याध्यापकांना न्हाई घातलं तर बरं दिसत न्हाई. राजेश्री मॅडमला घातलं, मग रोहिणी मॅडम म्हणतील मी काय घोडं मारलं. सोयरे घातले. सरपंचाला ईमेल वाचता येत न्हाई, पण उद्या कळलं तर रुसंल, म्हणून त्याचा बी घातला. एकसष्ट नावं झाली. लग्नाची पत्रिका वाटताना होती तशी धांदल झाली. कोण विश्वासू न्हाई असं लिहायला हात होत न्हाई.

परमेश्वरनं काय केलंय ते त्यालाच ठाऊक. आधीची एक-दोन उलटीसुलटी पत्रं मी स्वतःच काढून टाकली होती, पण त्यात काही नव्हतं. ते सोड.

ऋतिका आजबी येऊन गेली. ट्रकाला तीन दिवस राहिले.

तुझा मामा

*

पुणे
७ नोव्हेंबर २०२५

मामा,

ही यादी रुसव्याफुगव्याची न्हाई हो! सरपंचाचा ईमेल कोणी चोरला तर त्याच्या नावानं येणारा चोर सरळ तुमच्या ओसरीवर येऊन बसंल. ती साठ नावं काढा, संस्थेचा पत्ता तेवढा ठेवा.

आता मला दोन गोष्टी सांगा. सेटिंगमध्ये फिल्टरच्या पानावर परमेश्वरनं जे लिहून ठेवलंय ते अक्षर न् अक्षर उतरवून पाठवा. आणि तुमी काढून टाकलेली 'उलटीसुलटी' पत्रं कोणती होती? कोणत्या पत्त्यावरून? तुमी एखाद्या पत्रावर स्वतः स्पॅमचं बटण दाबलं की त्या पाठवणाऱ्याला यंत्र पुढंबी चोरच समजतं. 'ते सोड' म्हणू नका, तेच तर पाहिजे.

लगेच लिहा.

धम्मशीला

*

पुणे
१२ नोव्हेंबर २०२५

मामा,

पाच दिवस झाले. माझं पत्र मिळालं का न्हाई? एकसष्ट नावांत सरपंच हाय, पण भाची हाय का? का मी बी स्पॅममध्ये जाऊन पडले?

आईला विचारलं तर म्हणती, 'तुझ्या मामानं जेवण सोडल्यासारखं केलंय, मामी सांगत होती.' तुमची तब्येत बरी हाय ना? ऋतिकाचं काय झालं? ट्रक गेला का? दोन ओळी तरी लिहा, माझा जीव लागत न्हाई कामात.

धम्मशीला

*

राणीसावरगाव
१३ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मशीला,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. त्याच त्या दिवशी वाचली. जवाब लिहायला बसायचो आणि कॉम्प्युटर बंद करून उठायचो.

आता सगळं सांगतो. हसायचं असंल तर हस.

नऊ ऑक्टोबरला माझ्या पेटीत एक इंग्रजी पत्र आलं होतं. वर मोठ्या अक्षरात 'काँग्रॅच्युलेशन्स', खाली 'तुमची निवड झाली आहे', त्याच्या खाली रंगीत बटण, जागा पाहिजे असेल तर इथं दाबा. डिअर ऋतिका म्हणून नाव. वर संस्थेचं नावबी होतं, पण मला ते चोरांनीच लावलेलं वाटलं. जुलैचं पत्र डिट्टो असंच होतं गं. तेच अभिनंदन, तेच बटण. चौकातला तो फोटो काढायला मी स्वतः शिडी घेऊन गेलो होतो, आणि खाली चहाच्या टपरीवर लोक दात काढत होते. मनात म्हणलं, आता ह्यांनी माझ्या पोरीला धरलं. पत्ता बघायचं डोक्यातच आलं न्हाई. आमच्या इकडं अभिनंदन करणारा आजवर चोरच निघाला.

मी त्याची प्रिंट काढली. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवली, चोर कसे लिहितात ह्याचा नमुना म्हणून. ऋतिका तवा फाटकात उभी होती, विचारायला आली होती. मी तिला पुढं बोलावलं. म्हणलं, 'हिच्या नावानं आलंय बघा, पण आपली पोरगी फसणार न्हाई.' पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनंबी वाजवल्या. मग प्रिंटवर लाल पेनानं 'सावध राहा' लिहून फलकावर लावली, पत्रावर स्पॅमचं बटण दाबलं आणि कायमचं पुसून टाकलं. त्याच दुपारी परमेश्वरकडं गेलो, म्हणलं अशी पत्रं मला परत दिसूच नयेत असं कर.

सहा तारखेला तुझ्या सांगण्यावरून पावतीवरचा पत्ता टाईप करत होतो, तर हात थांबला. कुठंतरी बघितल्यासारखा वाटला. फलक वीस पावलांवर होता. गेलो न्हाई. भ्यालो. तुला सरपंचाच्या रुसव्याचं लिहीत बसलो. सात तारखेला तुझं पत्र वाचलं, आठ तारखेला फलकापाशी गेलो आणि पावती प्रिंटच्या शेजारी धरली. पत्ता तोच. अक्षराचाबी फरक न्हाई. जवाबाची शेवटची तारीख सहा नोव्हेंबर.

आणि ह्याच्याहून वाईट पुढंच हाय. नऊ तारखेला ट्रक निघाला तवा मी तिथं होतो. मला सगळं ठाऊक होतं. ऋतिका भांड्याकुंड्यांवर बसली होती, मला बघून खाली उतरली, पाया पडली, म्हणली, 'सर, माझं पत्र आलं तर बापूच्या फोनवर सांगा.' मी म्हणलं, 'सांगतो.' ट्रक गेला.

माझ्यानं तोंड उघडलं न्हाई, धम्मशीला. मुदत तर गेलीच, आता सांगून तिच्या जिवाला घोर कशाला, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे मला परत त्या टपरीसमोरून जायचं नव्हतं.

सिद्धोधन

*

पुणे
१३ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी

मामा,

मला लय राग आलाय. ऑफिसात बसून रडले. शालीची चेष्टा मी केली, चुकले. त्या चेष्टेनं तुमचं तोंड आणखी शिवलं असंल, तर ते पाप माझं. पण ट्रक तुमी डोळ्यांदेखत जाऊ दिला, ते तुमचं. पोरीनं आयुष्य तुमच्या हातात दिलं होतं आणि तुमी इज्जत सांभाळत बसलात.

आता रडायला वेळ न्हाई. माझा अंदाज ऐका. परमेश्वरनं बहुतेक असा फिल्टर केलाय की ठराविक शब्द असलेलं पत्र स्पॅममध्येबी जात न्हाई, थेट कचरापेटीत जातं. तुमी स्पॅम चारदा बघितलं, कचरापेटी उघडली का? ती डाव्या यादीत स्पॅमच्या जवळच हाय. अशी कोणतीच संस्था एका पत्रावर थांबत न्हाई, आठवण पाठवते. कचऱ्यातलंबी महिन्याभरात पुसलं जातं. उद्या सकाळी पहिलं काम हे करा.

आणि अनोळखी नंबरचे फोन कापत होता का? खरं सांगा.

धम्मशीला

*

राणीसावरगाव
१४ नोव्हेंबर २०२५

धम्मशीला,

सापडली. कचरापेटीत दोन पत्रं. तुझं अक्षर न् अक्षर खरं. परमेश्वरनं लिहून ठेवलंय, पत्रात 'काँग्रॅच्युलेशन्स', 'सिलेक्टेड', 'अभिनंदन', 'निवड' यातलं काही असलं की टाक कचऱ्यात. त्याचा दोष न्हाई, मीच तसं सांगितलं होतं. फिल्टर पुसून टाकला.

पहिलं पत्र अठ्ठावीस ऑक्टोबरचं, आठवणीचं. दुसरं सात नोव्हेंबरचं. लिहिलंय, निवड झालेल्या उमेदवाराचा जवाब आला न्हाई, फोनवरबी कोणी बोललं न्हाई. होय, मी अनोळखी नंबर कापत होतो. पुढं लिहिलंय, उशिराचं कारण उमेदवारानं स्वतःच्या हातानं लिहून, सही करून वीस तारखेच्या आत पाठवावं, मग समिती काय ते ठरवील.

सहा दिवस हायेत. मुंजाजीचा फोन लागत न्हाई. टोळी सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला हाय, गावाचं नाव मुकादमाच्या घरून घेतलं. उद्या पहाटेच्या गाडीनं लातूर, तिथून सोलापूर, मग पुढं. कागद, पेन, प्रिंट, पावती सगळं पिशवीत घातलंय.

तिला काय सांगू? वाक्य जुळत न्हाई.

मामा

*

राणीसावरगाव
१८ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मशीला,
जय भीम.

काल परत आलो. पाय सुजलेत, पण लिहिल्याशिवाय राहवत न्हाई.

परवा दुपारी टोळी सापडली. नदीच्या बाजूला उसाच्या पाल्याच्या झोपड्या, कोप्या टाकल्यात, लोक उसाच्या फडात होते. ऋतिका मोळ्या बांधत होती. आठ दिवसांत हात चिरून गेलेत. मला लांबून बघितलं आणि पळत आली. तोंडावर एवढा आनंद, की मला वाटलं जमीन फाटावी. म्हणली, 'सर, आलं का?'

मी म्हणलं, 'आलं होतं. नऊ ऑक्टोबरलाच आलं होतं. मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं तेच.'

तिला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. मुंजाजी आणि कडूबाई कोयते खाली ठेवून बघत राहिले. मी सगळं सांगितलं, ट्रकापाशी गप बसलो तेबी. कडूबाई म्हणली, 'सर, आमी अडाणी हाव म्हून आमी तुमच्यावर सोडलं होतं. तुमी कोणावर सोडलं?' ऋतिका उसाच्या बांधावर पाठ करून बसली.

मग उठून आली, हात धुतले आणि म्हणली, 'कागद द्या.' मी कारण सांगायला लागलो, तांत्रिक अडचणीमुळं पत्र मिळालं न्हाई, असं बसवून आणलं होतं. ती म्हणली, 'सर, मी लिहिते ना.' तिनं लिहिलं, आमच्याकडं सगळ्यांच्या फॉर्मवर सरांचा ईमेल असतो, माझ्या सरांनी तुमचं पत्र खोटं समजून पुसलं, मला ते खोटं हाय असंच सांगितलं आणि मी विश्वास ठेवला, ह्यात माझा एवढाच दोष. साधं, सरळ, एका पानात. खाली मी लिहिलं, वरील मजकूर खरा आहे, आणि सही केली.

गावातल्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन स्कॅन केलं. तिथंच तिनं बापाच्या फोनवर स्वतःचा ईमेल काढला. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणली, 'तुमी नुसतं बघा.' झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर बसून विश्वासाच्या यादीत संस्थेचा पत्ता तिनंच घातला, एकेक अक्षर पावतीवरून जुळवत. मग विचारलं, 'धम्मशीलाताईंचा पत्ता काय हाय?' तुझा घातला. माझा घातला न्हाई, मीबी म्हणलं न्हाई. सोळा तारखेलाच पत्र गेलं. मुकादमाला सांगून आलोय, मुंजाजीच्या फोनचं रिचार्ज संपू द्यायचं न्हाई.

आज परिपाठाला तीच प्रिंट हातात घेऊन सगळं सांगितलं. पोरं हसतील म्हणून जीव मुठीत धरून उभा होतो. कोणी हसलं न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं. सगळ्या पोरांना स्वतःचे ईमेल काढून द्यायला उद्यापासून बसणार हाय.

समिती काय म्हणंल? तुला काय वाटतं? मामी म्हणती जेवा, घास उतरत न्हाई.

तुझा मामा

*

२७ नोव्हेंबर २०२५

धम्मशीलाताई,

नमस्कार. मी ऋतिका. तुमी मला बघितलं न्हाई, पण सरांनी तुमचं सांगितलंय. बापूच्या फोनवरून लिहायलेय, चुकलं तर माफ करा.

आज सकाळी अकराला पत्र आलं. इंग्रजी हाय. समितीनं जागा दिली, एक डिसेंबरला हजर राहा, असं मला वाचता येतंय. खाली बटण हाय. आज पाच वाजायच्या आत दाबायचं हाय. आता अडीच वाजलेत.

मला दाबवत न्हाई, ताई. मी पत्ता पावतीसंग जुळवला. एकदा न्हाई, लय वेळा. तोच हाय. तरी वाटतंय, आपल्याला कोण कशाला असं लिहील. माय म्हणती दाब, बापू म्हणतो थांब. सरांना मुकादमाच्या फोनवरून विचारलं, तर ते म्हणले, 'मी आता काही सांगणार न्हाई, माझ्या सांगण्यावर जाऊ नको, ताईला विचार.' त्यांचा आवाज रडल्यासारखा आला. मला त्यांचा राग हाय, पण त्यांनी 'खरं हाय' एवढं म्हणलं असतं तर मी दाबलं असतं.

पत्र आणि पावतीचा फोटो तुमाला पाठवलाय. खरं हाय का तेवढं बघून सांगा. टोळीतल्या बायांनी काम थांबवलंय, सगळ्या माझ्याभवती बसल्यात. त्यांना मी काय सांगू?

ऋतिका

*

पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

ऋतिका,

खरं हाय.

पत्ता तपासला. तुझ्या पावतीवर छापलेल्या नंबरला फोन लावला. तिथल्या बाईंनी यादी काढून तुझं नाव वाचून दाखवलं, आईबापाच्या नावासकट, गावासकट. मी म्हणलं परत वाचा, तर त्यांनी परत वाचलं.

दाब. दाबलं की मला लगेच कळव, मी हातातलं काम बाजूला ठेवून बसलेय. आणि जागा मिळाल्याचं मामांना तूच फोन करून सांग, माझ्या सांगण्यानं त्यांना खरं वाटणार न्हाई.

धम्मशीलाताई